आदितदेवाचा जोडा

बाकीचे देव अनवाणी. शंभू महादेवाला पायताण नाही, मारुतीला नाही, वेशीवरच्या म्हसोबाला तर पायच नाहीत. पण दिवेआगर आणि श्रीवर्धनच्या मधे खाडीकाठी आदितवाडी म्हणून गाव होतं, तिथल्या टेकडीवरच्या सूर्यनारायणाला दर रथसप्तमीला नवा जोडा लागायचा. का, तर देव दिवसभर रथात बसतो हे खरं, पण संध्याकाळी समुद्रात उतरला की घोडे दमलेले असतात. मग बिचारा त्यांना दावणीला बांधतो आणि रातोरात जमिनीखालून पायी चालत उगवतीला परत येतो. एवढ्या चालीत कुठल्याही पायताणाचं पीठच व्हायचं. हे आदितवाडीत पोरासोरांनाही ठाऊक होतं, आणि ज्याला पटत नसेल त्यानं रथसप्तमीला देवळातून खाली आलेला जुना जोडा उलटा करून बघावा. तळ झिजलेला असायचाच.

तो जोडा शिवायचा मान भागोजी चांभाराच्या घराण्याकडे होता. बापाकडून त्याला दोन गोष्टी मिळाल्या होत्या, एक कातडं कापायची रापी आणि एक देवाच्या मापाचा लाकडी साचा. रथसप्तमीला उजाडता उजाडता भागोजी नवा जोडा डोक्यावर घेऊन टेकडीच्या पायथ्याला जायचा आणि तिथल्या सपाट धोंड्यावर ठेवून मागे सरायचा. कोंडाजी गुरव वरून यायचा, जोड्यावर पाणी शिंपडायचा आणि तो वर न्यायचा. थोड्या वेळानं जुना जोडा खाली यायचा. रावजी खोत तो उलटा करून जमलेल्या माणसांना तळ दाखवायचे. तळ झिजला म्हणजे देव वर्षभर चालला, वर्ष सरळ गेलं. लोक हात जोडायचे, बाया टेकडीखाली मातीच्या बोळक्यात दूध उतू घालायच्या, आणि जुना जोडा भागोजीच्या पुढ्यात धोंड्यावर टाकला जायचा. घरी त्याच्या आढ्याला अशा जोड्यांची रांग लटकत होती.

टेकडीच्या वर मात्र भागोजी कधी गेला नव्हता. जायची सोयच नव्हती. देवाला चांभाराच्या हातचं कातडं चालायचं, चांभार चालायचा नाही. हे शास्त्र कुणी लिहिलं ते देव जाणे, पण पाळत सगळे होते, भागोजीसुद्धा.

खाडीपलीकडचा करमअली आपल्या मचव्यातून मुंबईचं जाड कातडं आणून द्यायचा. तो दर खेपेला चिडवायचा, "भागोजी, आम्ही मशिदीत जाताना पायताण भाईर काढतो, आनि तुजा देव पायताण घालून आत बसतो. आनि ज्यानं शिवलं तोच भाईर! ये कैसा हिसाब रे?"

"तुमचा हिसाब तुमी बघा, चाचा," भागोजी हसून म्हणायचा. मचवा गेल्यावर मात्र त्याचं हसू जागेवर राहायचं नाही.

भागोजी स्वतः जन्मभर अनवाणी. चांभाराच्या बायकोला वहाण मिळत नाही म्हणतात, इथं चांभारालाही मिळाली नव्हती. मांडी घालून बसायचं, उजव्या पायाच्या अंगठ्यात कातडं ताणून धरायचं आणि आरी चालवायची, असं केल्यानं त्याचा तो अंगठा बाकीच्या बोटांशी भांडून वेगळं निघावं तसा बाजूला झाला होता. बोलणं कमी. पण कुणाचीही फाटकी वहाण हातात आली की तो तिचा तळ न्याहाळत बसे. कोण टाच घासत चालतो, कोण पुढं वाकून, कोणाच्या पाठीत दुखतं, सगळं त्याला तळावरून कळे. "तोंड खोटं बोलंल, टाच न्हाय बोलायची," असं तो बायकोला, राहीला, म्हणायचा.

आणि इथंच घोटाळा झाला. ऐन तरुणपणी, बाप गेल्यावर पहिल्यांदा देवाचा जोडा त्याच्या हाती परत आला, तेव्हा त्यानं सवयीनं तळ पाहिला. उजवा तळ सगळा सारखा झिजलेला होता. डाव्याची टाच कोरी होती आणि चवडा मात्र पार गेला होता. डावा पाय आखूड असलेल्या माणसाची ती चाल होती. आदितवाडीत असा एकच माणूस होता. पोरपणी सुपारीच्या झाडावरून पडलेला कोंडाजी गुरव.

आधी त्याला राग आला. देवाचा जोडा गुरव घालून हिंडतो! खोताला सांगावं असंही वाटलं. मग त्यानं जोडा नाकाशी नेला. त्याला चिखल नव्हता, शेण नव्हतं, वाटेची लाल माती नव्हती. दिव्याच्या तेलाचा आणि धुपाचा वास होता. म्हणजे जोडा देवळाच्या आवाराबाहेर गेला नव्हता. गावात तर कोंडाजी अनवाणीच लंगडायचा. मग देवळात जोडा घालून हा करतो तरी काय?

भागोजीला एकच उत्तर सुचलं, आणि ते त्याच्या काळजात काट्यासारखं मोडून राहिलं. देवाला आपला जोडा पसंत नसावा. देव घालत नाही, म्हणून चांभाराला वाईट वाटू नये, त्याचा मान जाऊ नये, यासाठी बिचारा गुरव स्वतः घालून झिजवतो आहे. ही दया होती. दयेबद्दल चुगली कशी करणार? तो गप्प बसला. पुढल्या वर्षीच्या जोड्यात मात्र त्यानं डाव्या टाचेत आतून एक जास्तीचा थर बसवला. पुढं आणखी एक. साचाही जरा जरा तासला, कारण कोंडाजीचं पाऊल लहान होतं. अशी वर्षं गेली. देवाचं पाऊल वर्षागणिक लहान होत होतं, देव लंगडा होत होता, आणि गावाला पत्ता नव्हता. डावी टाच आता उजवीइतकीच झिजून येऊ लागली. भागोजी ती बघायचा आणि त्याला बरं वाटायचं.

तरी मरायच्या आधी एकदा देवाचे पाय बघावेत, आपला जोडा त्याला होतो की नाही याचा निकाल एकदा आपल्या डोळ्यांनी लागावा, एवढी एक इच्छा त्याच्या मनातून जात नव्हती. ती तो राहीलाही सांगत नव्हता.

महाडला तळ्याचं पाणी पिण्यावरून जे झालं, त्यानंतरची दुसरी की तिसरी रथसप्तमी असेल. कोंडाजी मागच्या शिमग्यापासून अंथरुणाला खिळला होता. पूजेसाठी त्याचा पुतण्या बाळाजी मुंबईची गिरणी सोडून आला होता. पोरगा चांगला होता, पण गावाकडच्या चालीरीती त्याच्या अंगवळणी पडायच्या होत्या. त्यानं नवा जोडा वर नेला, जुना आणून खोतांच्या हातात दिला. खोतांनी तो उलटा केला आणि त्यांचा हात तसाच राहिला.

तळ जवळजवळ कोरा होता.

एका बाईचं दूध निखाऱ्यावर सांडलं, त्याचा करपट वास सुटला, तरी कुणी हललं नाही.

"भाग्या," खोत म्हणाले, "देव चाललाच नाही की रे. काय केलंस तू? कातडं कसलं वापरलंस?"

"नेहमीचंच, मालक. उपाशी र्‍हाऊन शिवलाय. नेम मोडला न्हाय."

"नेम मोडला नाही तर देवानं घातला का नाही?" खोतांच्या आवाजात रागापेक्षा भीती जास्त होती. "पुढल्या रथसप्तमीपर्यंत वाट बघू. तेव्हाही असाच कोरा आला, तर मान श्रीवर्धनच्या चांभाराकडे जाईल. माझा इलाज नाही."

भागोजीनं मान हलवली. जोड्याचा मान जायचं भय त्याला होतंच, नाही कसं असेल? पण कोरा तळ बघून त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते वेगळंच. कोंडाजीचे पाय गेले.

त्याच दिवशी दुपारी, गाव जत्रेच्या जेवणात असताना, तो गुरवाच्या घराच्या मागल्या पडवीशी जाऊन उभा राहिला. कोंडाजी आत भिंतीला टेकून पडला होता. पांघरुणाखाली माणूस आहे की नुसती वळकटी, असा प्रश्न पडावा इतका तो वाळला होता.

"कोन? भाग्या? ये, आत ये."

"हितंच बरा हाय मी, बाबा."

"माझ्यावर रागावला आसशील. म्हाताऱ्यानं घात केला तुझा. लई प्रयत्न केला, पन पाय उचलंना."

"कसला पाय, बाबा?" भागोजीनं जमिनीकडं बघत विचारलं.

"आता सोंग नको करूस," कोंडाजी म्हणाला. "डाव्या टाचंत चामडं कोन घालीत व्हता मग? पयल्यांदा पाय घातला आनि कंबर सरळ झाली माझी. म्या म्हनलं, देव पावला. मग जोडा फाकवून बघितला तर आत थर. तवाच कळलं, भाग्याला समदं म्हाईत हाय."

इतकी वर्षं दोघांनी एकच गुपित सांभाळलं होतं, आणि दुसऱ्याला ते ठाऊक आहे हेही. कोंडाजी खोकत खोकत हसायला लागला. भागोजीला हसू आलं नाही, डोळ्यांत पाणी आलं. मग धीर करून त्यानं जन्माचा प्रश्न विचारला.

"बाबा, खरं सांगा. देवाला माझा जोडा नको व्हता न्हवं? म्हून तुमी घालत व्हतात. मला वाईट वाटू नये म्हून."

कोंडाजीचं हसू थांबलं. "आरं येड्या," तो हळू आवाजात म्हणाला. "ह्ये घेऊन बसला व्हतास एवढी वर्सं? देवाला पावलंच न्हाईत."

भागोजीनं मान वर केली.

"गुडघ्याखाली नुस्ता धोंडा हाय. ज्यानं मूर्त घडवली त्यानं पाय मुद्दाम कोरले न्हाईत. सूर्याचे पाय कुनी बघू नयेत म्हनं. पन मग देवानं चालायचं कसं? म्हून जोडा. माझ्या बापानं मला सांगितलं, त्याच्या बापानं त्याला. दर आयतवारी उजाडायच्या आत गुरवानं देवाचा जोडा पायात घालायचा आनि देवळाभवतीच्या खरबरीत कातळावर फेरी घालायची. फेरी देवाची, पाय गुरवाचे. भाईर कुनाला बोलायचं न्हाय. नको असता जोडा, तर दर साल नवा मागितला असता व्हय त्यानं?"

भागोजी पडवीच्या कडेला खालीच बसला. काळजातला जुना काटा कुणीतरी अलगद काढावा तसं झालं त्याला, आणि काढताना दुखायचं तेवढं दुखलंही.

"आनि बाळाजी?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"त्याला सांगितलं. म्हनतो, काका, देवळात कातडं पायात घालून फिरू? न्हाय जमायचं मला. जबरदस्तीनं काय व्हतंय?" कोंडाजीनं दम घेतला. "आता तूच फिर."

"मी?" भागोजी उठून उभाच राहिला. "काय बोलताय, बाबा! महाडला साधं तळ्याचं पानी पिलं तर डोकी फुटली मानसांची. आमची सावली देवळावर पडली तर गाव जित्ता ठेवील?"

"सावली पाडतो कोन?" कोंडाजी म्हणाला. "त्योच न्हवं? सूर्याच्या दारात सावलीचं भ्या कशाला? बाळाजी सनवारी सांजच्याला जोडा मागल्या पायरीवर ठेवील. तेवढं त्यानं कबूल केलंय." मग त्यानं पांघरुणातून हात बाहेर काढला. "भागोजी, देव वरीसभर खिळून र्‍हायला रं माझ्यासंगं. त्याला चालीव."

आजवर कोंडाजीनं त्याला भाग्याच म्हटलं होतं. भागोजी पडवी ओलांडून आत गेला आणि त्यानं तो हात दोन्ही हातांत धरला.

पुढच्या रविवारी पहाटे तो राहीला म्हणाला, "कातडं कमवायला झाडाची साल आनतो," आणि निघाला. मागच्या अंगानं, करवंदीच्या जाळ्यांतून टेकडी चढताना एकदा तो माघारीही फिरला. मग त्याला पांघरुणाबाहेर आलेला तो हात आठवला.

देऊळ त्याला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं. काळ्या दगडाचं, ठेंगणं, पावसानं कोपरे गोल झालेलं. पाठीमागं खाली समुद्राची गाज चालू होती. जोडा पायरीवर होता. "आधी दर्शन घे, मग चाल," असं कोंडाजीनं बजावलं होतं. भागोजी गाभाऱ्यात शिरला नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यानं समईच्या उजेडात आत पाहिलं.

दोन्ही हातांत कमळं घेतलेला देव समोर उभा होता. चेहरा झिजून झिजून साधा झाला होता, गावातल्या कुठल्याही थोराड माणसाचा असावा तसा. पायथ्याशी सात घोडे, त्यांतल्या दोघांची तोंडं उडालेली. आणि गुडघ्याखाली खरंच काही नव्हतं. छिन्नीचे घाव तेवढे होते. ज्या पावलांसाठी भागोजीच्या आज्यानं, बापानं आणि त्यानं जन्म घालवला, ती पावलं तिथं नव्हती. त्याला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, आणि ते आलंच, पण दुःखाचं नव्हतं. आपल्यालाही दाराच्या आत जाता येत नाही आणि ह्यालाही दाराबाहेर येता येत नाही, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला त्या देवाची माया वाटली.

त्यानं जोडा पायात घातला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तळव्याला चामडं लागलं, आणि तेही त्यानंच शिवलेलं. जोडा कोंडाजीच्या मापाचा, त्यामुळे घट्ट. डावी टाच उंच, त्यामुळे भागोजीसारखा धडधाकट गडी लंगडत चालू लागला. पहिल्या वळणाला तोल गेला, भिंतीला हात टेकला, आणि एकदम त्याला उमगलं की कोंडाजी जन्मभर असाच चालत आला. फेरी पुरी होता होता समोरच्या डोंगरामागून उजाडलं. भागोजीची लांब सावली देवळाच्या भिंतीवर पडली. तो घाबरून थबकला. काही झालं नाही. कावळे तेवढे ओरडत होते.

त्यानंतर त्यानं एक रविवार चुकवला नाही. पावसात टेकडी निसरडी झाली तरी नाही. आंबे उतरायच्या दिवसांत कोंडाजी गेला. भागोजीला तिरडीजवळ जाता आलं नाही, लांबून बघावं लागलं. पुढच्या रविवारी त्यानं एक फेरी देवाची घातली आणि एक कोंडाजीची. डाव्या टाचेतला थर आता काढला असता तर चाललं असतं, पण त्याला तो काढवला नाही. आणि राही दर रविवारी बघायची, की नवरा साल आणायला जातो आणि रिकाम्या हातानं, पायाला फोड घेऊन परत येतो. ती काही विचारायची नाही. मनात मात्र ठेवायची.

रथसप्तमी आली. नवा जोडा वर गेला. बाळाजी जुना घेऊन उतरला तेव्हा खोतांनी पुढं होऊन तो घेतला. त्यांनी तळ उलटा केला. झिजला होता, मागच्या कुठल्याही वर्षीपेक्षा जास्त.

"चालला!" खोत ओरडले. "देव चालला!"

एकच गलका उठला. बोळक्यांतली दुधं उतू गेली, बायांनी निखाऱ्यांपुढं हात जोडले. "चांभारानं चूक सुधारली बरं का," खोत कुणालातरी सांगत होते, आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. माणूस वाईट नव्हता. गर्दीच्या त्या गडबडीत बाळाजी धोंड्याशी आला. जोडा धोंड्यावर टाकायचा रिवाज होता. त्यानं तो टाकला नाही, भागोजीच्या हातात दिला.

घरी राहीनं नेहमीप्रमाणे दिवा लावला, जोडा कपाळाला लावला आणि आढ्याला टांगायला उचलला. मग तिचा हात थांबला. उजव्या पायातल्या जोड्याचं चामडं अंगठ्यापाशी एका बाजूला फुगून आलं होतं. तिनं त्यात बोट घालून पाहिलं. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. भागोजी मांडी घालून बसला होता. उजव्या अंगठ्यात कुणाच्या तरी वहाणेचं कातडं ताणलेलं, आणि मान इतकी खाली की आरी डोळ्यात जाईल.

राहीनं जोडा टांगला. खोबरेल तेलाची वाटी घेऊन ती त्याच्यासमोर बसली, त्याच्या अंगठ्यातलं कातडं सोडवून बाजूला ठेवलं आणि त्याचं पाऊल मांडीवर घेऊन फोडांच्या जुन्या वणांवर तेल चोळू लागली.

"पुढल्या साली जरा सैल शिवा," ती म्हणाली. "देवाला चावतोय."